नरसिंगरावांचं चिलखत

मी पुण्याची. बंगळूरला नोकरीसाठी आले ती १९९८ साली, आणि पहिले सहा महिने मी येईल त्या गोष्टीला नाक मुरडण्यात घालवले. सांबारातला गूळ, बसवरच्या न वाचता येणाऱ्या पाट्या आणि माझ्या घरमालकांची मराठी. चामराजपेटेत त्यांच्या गच्चीवरची खोली बघायला गेले तेव्हा नरसिंगराव म्हणाले, "खोली स्वल्प लहान आहे, पण वारं मस्त येतं की. बघून घे. सरी?" सरी म्हणजे काय, असं मी विचारलं. "सरी म्हणजे सरी," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातात ठेवली. बरं, ठीक, चालेल, असू दे, या सगळ्याला त्यांच्याकडे तो एकच शब्द होता.

आपले पूर्वज शहाजीराजांबरोबर इकडे आले असं ते सांगत. मला ते खरं वाटायचं नाही, पण वाद घालण्याइतका इतिहास मलाही येत नव्हता. ते स्वतः मात्र चामराजपेटेच्या पलीकडे फारसे गेलेले नव्हते. घराच्या पुढच्या अंगाला त्यांचं दुकान होतं. अ‍ॅक्रिलिकच्या पाट्या करायचे. डॉक्टर, वकील, दंतवैद्य, मंगल कार्यालय, त्या भागातल्या निम्म्या दारांवरची नावं त्यांच्या हातची. बारीक पात्याच्या करवतीनं ते अक्षरं कापत. कन्नडची ती गोल गोल अक्षरं कापायला किती त्रास, हे मी बघितलं आहे. इंग्रजी त्यांना अक्षरांपुरतं यायचं. वाक्याचा अर्थ लागत नसे, पण कुठलं अक्षर कुठल्या अक्षराला फार चिकटलंय हे लांबून सांगायचे.

त्यांची खरी करामत होती ती जोडण्यात. इंजेक्शनच्या सिरिंजमध्ये क्लोरोफॉर्म भरायचा आणि दोन तुकड्यांच्या मधल्या फटीत त्याची एक बारीक धार सोडायची. अ‍ॅक्रिलिक तेवढ्यापुरतं विरघळतं आणि दोन तुकडे असे एक होतात की सांधा शोधून सापडत नाही. थेंब बाहेर गेला तर डाग पडतो. नरसिंगरावांचा तीस वर्षांत गेला नव्हता. घरभर त्याचा गोडसर वास असायचा. "याच वासानं माझं अर्धं आयुष्य गुंगीत गेलं, नाहीतर मी यांच्याकडे थांबले असते होय?" असं तुंगाकाकू, म्हणजे त्यांची बायको, मला दर आठवड्याला एकदा ऐकवायच्या.

पण मी राहायला आले तोवर त्या करामतीला गिऱ्हाईक उरलं नव्हतं. समोरच्या फुटपाथला एकानं कॉम्प्युटरवर स्टिकर कापायचं मशीन आणलं होतं. नाव टाइप करायचं, दहा मिनिटांत अक्षरं बाहेर. नरसिंगराव दुकानाच्या पायरीवर बसून त्या मशीनचा आवाज ऐकायचे. मी ऑफिसला जाताना विचारायची, "काय काका, आज काय काम?" ते म्हणायचे, "आज विश्रांती." हे त्यांनी लागोपाठ अकरा दिवस सांगितल्याचं मला आठवतं. मी स्वतः कॉम्प्युटरवर पोट भरणारी, त्यामुळे तशीच बस गाठायला पुढे निघायची.

त्यांची एकुलती एक मुलगी विद्याश्री इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला होती. वडिलांना अण्णा म्हणायची, आईला अक्का. १९९९ च्या जानेवारीत तिच्या कॉलेजात टूम निघाली की फेब्रुवारीतल्या मेळ्यात रोबोंची कुस्ती ठेवायची. परदेशात असं काही चालतं, त्याची कॅसेट कुणीतरी आणून सगळ्यांना दाखवली होती. घरी बनवलेली दोन यंत्रं लाकडी आखाड्यात सोडायची आणि तीन मिनिटं झुंजवायची. जे शेवटी हलत राहील ते जिंकलं. विद्याश्री, हयवदन नावाचा एक मुलगा आणि आणखी दोघं अशी चौघांची टोळी जमली. हयवदन कप्तान.

अट एकच, वजन बारा किलोच्या आत हवं. गाडीच्या वायपरच्या दोन मोटारी, स्कूटरची बॅटरी, लोखंडी सांगाडा आणि पुढचं फिरतं पातं, एवढ्यातच साडेदहा किलो संपले. उरलेल्या दीड किलोत सगळ्या अंगावर चिलखत चढवायचं होतं. लोखंडी पत्रा घ्यावा तर तो इतका पातळ घ्यावा लागला असता की बोटानंही वाकला असता. म्हणून प्लास्टिक. हयवदनच्या मामांचा कारखाना होता आणि तो म्हणत होता, मामांना सांगू. तेव्हा विद्याश्री सगळ्यांसमोर म्हणाली, "कशाला? माझे वडील करतील. प्लास्टिकमधलं त्यांच्याइतकं इथं कुणालाच कळत नाही."

हे तिनं मला जिन्यात सांगितलं. सांगताना चेहरा जरा उतरला होता. "बोलून तर बसले, अक्का. आता अण्णांनी नीट करायला पाहिजे." मलाही ती अक्काच म्हणायची.

नरसिंगरावांना कळलं तेव्हा त्यांनी दुकानातला कचरा झाडून काढला, जो रोज तुंगाकाकू झाडायच्या. मग संध्याकाळी गच्चीवर आले आणि मला म्हणाले, "पोरीनं चारचौघांत माझं नाव घेतलंय. तीन मिनिटं तर टिकायचंय की. तीस वर्षं पाट्या उन्हात टिकल्या माझ्या." मला त्या माणसाचा तेव्हा फार हेवा वाटला. माझ्या कामाबद्दल मला असं कधी वाटलं नव्हतं.

पहिल्यांदा त्यांनी अर्थातच अ‍ॅक्रिलिक घेतलं. रविवारी सकाळी दुकानाच्या पायरीवर तुकडा ठेवला, विद्याश्रीच्या हातात हातोडी दिली आणि म्हणाले, "मार." तिनं मारली. तुकड्याचे बारा तुकडे झाले आणि एक उडून समोरच्या स्टिकरवाल्याच्या दारात जाऊन पडला. त्यानं तो उचलून परत आणून दिला, सभ्य माणूस होता. नरसिंगरावांनी तो तुकडा बोटांत उलटसुलट फिरवला. इतकी वर्षं ज्या वस्तूवर भाकरी खाल्ली ती एका हातोडीची निघाली, हे त्यांना आत लागलं, मला स्पष्ट दिसलं.

मग विद्याश्रीची नजर गच्चीवरच्या निळ्या ड्रमवर गेली. कॉर्पोरेशनचं पाणी एक दिवसाआड यायचं, त्यामुळे बंगळूरात घरोघरी ते जाड प्लास्टिकचे निळे ड्रम. तिनं ड्रमवर हातोडी मारून बघितली. हातोडी उडाली, ड्रमला खूणही नाही. "अण्णा, हेच कापूया," ती म्हणाली.

"बेडा!" जिन्यातून तुंगाकाकूंचा आवाज आला. नको म्हणजे नको. "ड्रम कापला तर पाणी काय तुझ्या रोबोत साठवू?"

ड्रम दुसरा मिळाला असता. कुठल्याही भंगारवाल्याकडे पाच-सहा पडलेले असत. पण नरसिंगरावांचंच मन घेईना. ते ड्रमवरून हात फिरवत म्हणाले, "हे मेणचट असतं. याला रंग धरत नाही, गोंद धरत नाही, क्लोरोफॉर्म तर पाण्यासारखा ओघळतो. ज्याला अक्षर चिकटत नाही ते कसलं प्लास्टिक?" आणि त्यांना ते पारदर्शक हवं होतं. आतली वायरिंग विद्याश्रीनं केली होती, रंगाप्रमाणे वायरी लावून, ती लोकांना दिसायला हवी. नाव पुढच्या अंगावर लाल अक्षरांत हवं. निळ्या ड्रमचे तुकडे स्क्रूनं ठोकून मुलीला चारचौघांत पाठवायला ते तयार नव्हते.

इथं मी मध्ये पडले. आमच्या ऑफिसात इंटरनेट होतं. इंदिरानगरच्या त्या ऑफिसात मी दिवसभर दोन आकडी सालांची चार आकडी सालं करायची, आणि जेवणाच्या सुट्टीत काहीबाही शोधायची. एका परदेशी हौशी माणसानं नेमकं हेच लिहून ठेवलेलं सापडलं, झुंजीच्या रोबोला कुठलं प्लास्टिक वापरावं. मी चार पानं छापून आणली. पुढच्या रविवारी दुपारी गच्चीवर चटई टाकून मी नरसिंगरावांना ती मराठीत सांगायला बसले. विद्याश्री रोबोच्या कामासाठी कॉलेजात गेली होती. ते चष्मा लावून माझ्या खांद्यावरून कागदातली अक्षरंच बघत होते. कोपऱ्यात बोट ठेवून म्हणाले, "हे बारीक काय लिहिलंय?"

"पानांचा नंबर. चारपैकी एक, चारपैकी दोन, असं मशीन आपोआप छापतं."

"छान बसवलंय," ते म्हणाले. त्यांना त्या कोपऱ्याचं कौतुक.

पहिल्या पानावर होतं की अ‍ॅक्रिलिक अजिबात नको. ते आम्हाला कळून चुकलंच होतं. दुसऱ्या पानावर ड्रमच्या प्लास्टिकची तारीफ होती: दिसायला भिकार, पण मार खाऊन वाकतं, तुटत नाही, नवख्यानं हेच घ्यावं. नरसिंगराव ऐकून फक्त हुं म्हणाले. तिसरं पान पॉलिकार्बोनेटचं. काचेसारखं स्वच्छ, पोलिसांच्या ढाली त्याच्याच असतात, हातोडीनं फुटत नाही. हे वाचल्यावर ते मांडी मोडून उठलेच. "राजाजीनगरला भगवंतराव आहेत की! मशीनची झाकणं करतात ते, त्यांच्याकडे हे असणार. दिसायला अ‍ॅक्रिलिकच. मी कधी हात नाही लावला."

चौथ्या पानाचं शीर्षक होतं, कापणं, वाकवणं, जोडणं. ऊन चढलं होतं, मला केस धुवायचे होते, आणि ते पान बारीक अक्षरांत गच्च भरलेलं होतं. मी कागद घडी घालत म्हटलं, "हे कापण्याजोडण्याचं आहे, काका. तुम्हाला ते कोण शिकवणार? तीस वर्षं करताय."

ते लाजले. खरंच लाजले. म्हणाले, "तेवढं येतं मला." आणि मी खाली केस धुवायला गेले.

भगवंतरावांनी राजाजीनगरहून चार मिलिमीटरचा उरलेला तुकडा दिला. त्याचे पैसेही घेतले नाहीत, म्हणाले, विद्याश्री जिंकली तर पेढे आण. आणखी तुकडा मात्र नव्हता. पायरीवर पुन्हा परीक्षा झाली. हातोडी मारली, तुकडा नुसता दबला. नरसिंगरावांनी स्वतः मारली, दोन्ही हातांनी. मग स्टिकरवाल्यालाही बोलावून मारायला लावली. त्या दिवशी ते त्याच्याशी पहिल्यांदा हसून बोलले.

पुढचे चार दिवस दुकानाच्या पायरीवर कुणी बसलेलं दिसलं नाही. नरसिंगराव आत कामात होते. पहिल्यांदा रोबो बघून "हा कसला रोबो, हा टिफिनचा डबा" म्हणाले होते, पण आता त्या डब्याची मापं त्यांना तोंडपाठ झाली. समोरचा भाग त्यांनी न तापवताच वाकवला. पॉलिकार्बोनेट गार असतानाही वाकतं आणि अ‍ॅक्रिलिक तसं वाकत नाही, याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला होता. चारी अंगांना बोल्ट. कडा घासून घासून काचेसारख्या केल्या. आणि मंगळवारी संध्याकाळी त्यांनी लाल अ‍ॅक्रिलिकची अक्षरं कापली. पोरांनी यंत्राचं नाव ठेवलं होतं थंडर. ते इंग्रजीत आणि खाली लहान कन्नडमध्ये.

मी ऑफिसातून आले तेव्हा ते अक्षरं चिकटवत होते. "प्रमोदिनी, स्वल्प धर की," म्हणून त्यांनी मला एक अक्षर दाबून धरायला लावलं. मी धरलं. त्यांनी सिरिंज घेतली, श्वास रोखला आणि अक्षराच्या कडेनं क्लोरोफॉर्मची धार सोडली. एक थेंब बाहेर गेला नाही. नेमक्या त्या वाकवलेल्या भागावर अकरा अक्षरं बसली, इंग्रजी आणि कन्नड मिळून. दिव्यापुढे धरलं तर लाल अक्षरं हवेत उभी असल्यासारखी दिसत होती. विद्याश्रीनं वडिलांचा हात धरून दाबला. असं काही त्या घरात कुणी करत नसे, त्यामुळे नरसिंगराव घाईनं सिरिंज धुवायला गेले.

शनिवारी सकाळी पोरं रोबो रिक्षात घालून घेऊन गेली. दुपारी मी आणि नरसिंगराव गेलो. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तुंगाकाकू आल्या नाहीत, पाण्याचा दिवस होता. कॉलेजच्या मैदानात जाड फळ्यांचा आखाडा केला होता आणि भोवती चांगली चार-पाचशे पोरं. थंडर एका टेबलावर उन्हात ठेवला होता आणि दोन प्राध्यापक वाकून त्यातली वायरिंग बघत होते. विद्याश्रीनं आम्हाला लांबून हात केला. तिचा चेहरा बघूनच मला बरं वाटलं.

नरसिंगराव टेबलाजवळ गेले आणि तिथंच थबकले. मी पाठोपाठ गेले. दुकानातल्या दिव्यात दिसलं नव्हतं ते उन्हात दिसत होतं. लाल अक्षरांच्या कडेनं, वाकवलेल्या भागावर, आतल्या आत पांढरट रेघांचं बारीक जाळं पसरलं होतं. त्यांनी नख फिरवलं. नख कुठं अडलं नाही. "ओरखडे नव्हेत," ते हळू म्हणाले. "आतून आहे. काल एवढं नव्हतं." मग माझ्याकडे बघून विचारलं, "प्रमोदिनी, त्या कागदांत असलं काही होतं का गं?"

"नाही, काका," मी म्हटलं. तेव्हा ते खोटं नव्हतं. मला माहीतच नव्हतं.

कागद माझ्या पर्समध्ये होते. पाणी पिऊन येते असं सांगून मी कँटीनच्या मागे गेले आणि चौथं पान वाचलं. चौथ्या ओळीतच होतं. पॉलिकार्बोनेटला क्लोरोफॉर्म, थिनर असलं काही लावू नका. वाकवलेल्या जागी तर मुळीच नको. लावल्या दिवशी काही दिसत नाही, दोन-चार दिवसांनी आत जाळं धरतं आणि मग ते काचेसारखं फुटतं. बोल्टनंच बसवा. जाळं दिसलं तर तो तुकडा फेकून द्या, त्याला इलाज नाही. मी ते दोनदा वाचलं.

परत आले तेव्हा थंडरचं वजन होऊन तो आखाड्यात उतरला होता. दुसरा तुकडा नव्हता, वेळ नव्हता, आणि विद्याश्री हातात वायरवाला कंट्रोल घेऊन उभी होती. नरसिंगरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, काही नाही म्हणून. हे मात्र खोटं होतं. सांगून काय उपयोग झाला असता, असं मी स्वतःला तेव्हा विचारलं आणि त्यानंतरही कित्येकदा विचारलं.

समोरचा रोबो दुसऱ्या एका कॉलेजचा. निळ्या ड्रमचे ओबडधोबड तुकडे कापून त्यांनी नुसते स्क्रूनं ठोकले होते. एका तुकड्यावर ड्रमवरचं अर्धं लेबलसुद्धा तसंच होतं. लोक हसले. शिट्टी झाली. विद्याश्रीनं थंडरला सरळ पुढे घातलं, आणि त्याच्या पात्यानं निळ्या अंगावर दोन लांब चरे काढले. पोरं ओरडली. नरसिंगरावांनी माझं मनगट धरलं होतं. मग निळ्याचा फिरता दांडा वळून थंडरच्या पुढच्या अंगावर बसला.

आवाज मला ओळखीचा होता. पायरीवर अ‍ॅक्रिलिक फुटलं तेव्हाचा. पुढचा भाग अक्षरांच्या कडेकडेनं तुटला आणि नावातलं एक लाल अक्षर उडून फळीवर आपटलं. दुसऱ्या फटक्याला सबंध पुढची बाजू गेली. तिसरा फटका आत, रंगाप्रमाणे लावलेल्या वायरींवर. धूर आला आणि थंडर जागच्या जागी थांबला. विद्याश्री कंट्रोलची बटणं दाबतच होती. पंचाहत्तर सेकंद झाली होती. नरसिंगरावांनी माझं मनगट सोडलं नाही आणि मीही सोडवून घेतलं नाही. दोघांनाही दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

नंतर हयवदन तुकडे गोळा करताना म्हणाला, मामांना सांगू म्हणालो होतो. एवढंच म्हणाला, पण विद्याश्री भडकली. "शीट खराब होतं! अण्णांच्या कामात खोट नाही. देणाऱ्यानं जुना माल दिला!" ती मोठ्यानं बोलत होती आणि रडू दाबत होती.

नरसिंगराव पुढे झाले. सगळ्या पोरांसमोर म्हणाले, "शीट चांगलं होतं. भगवंतरावांना बोल लावू नको. माझ्या हातानं काहीतरी झालंय. काय झालं ते मला कळेना." मग ते खाली बसून लाल अक्षरं वेचू लागले. पर्स माझ्या काखेत होती. मी पर्स घट्ट धरून उभी राहिले.

घरी तुंगाकाकूंना निळ्या ड्रमचं कळलं तेव्हा त्यांनी नेहमीसारखा टोमणा मारला नाही. नुसत्या गच्चीवर जाऊन ड्रमवर झाकण ठेवून आल्या. विद्याश्री पुन्हा त्या टोळीत गेली नाही. वडिलांना ती एक शब्दही वावगा बोलली नाही, पण कॉलेजातलं त्यांना काही सांगणंही तिनं बंद केलं. जेवताना नरसिंगराव विचारायचे, "काय चाललंय कॉलेजात?" आणि ती म्हणायची, "नेहमीचंच, अण्णा."

त्यानंतर नरसिंगरावांनी जे सुरू केलं ते मला बघवेना. फुटलेल्या शीटचे तुकडे त्यांनी दुकानात एका ओळीत मांडले. एकाला भोकं पाडून ठेवलं. एक नुसता वाकवला. एक उन्हात ठेवला, एकाला साबण लावला. प्रत्येकाखाली कागदाची चिठ्ठी, तारीख घालून. दर तीन दिवसांनी सगळ्यांवर हातोडी. क्लोरोफॉर्मवर त्यांचा संशयच नव्हता. ज्यानं तीस वर्षं साथ दिली त्याच्यावर कोण संशय घेणार? मी ऑफिसला जाता-येता ते बघायची. माझ्या एका वाक्यात ते सगळं थांबलं असतं. रोज ठरवायची, आज सांगू. मग वाटायचं, आता एवढ्या दिवसांनी कुठल्या तोंडानं सांगायचं. मी भित्री आहे हे मला त्या महिन्यात कळलं.

सापडलं त्यांना, साडेपाच आठवड्यांनी. संध्याकाळी आले तर ते पायरीवर बसलेले, मांडीवर जाळं धरलेला तुकडा आणि शेजारी सिरिंज. "हेच गं," ते म्हणाले. "माझंच." एवढं बोलून त्यांनी क्लोरोफॉर्मची बाटली मोरीत ओतली. विद्याश्रीला त्यांनी ते रात्री जेवताना सांगितलं. ती उठून आत गेली.

मे महिन्यात माझी बदली पुण्याला झाली. निघायच्या दिवशी नरसिंगराव वर आले. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली पाटी होती, माझ्या नावाची, मराठीत. पांढऱ्यावर निळी अक्षरं. नीट बघितलं तर प्रत्येक अक्षरात दोन बारीक स्क्रू होते. त्यांच्या पाटीत स्क्रू मी पहिल्यांदाच बघितला. "आता असंच करतो," ते म्हणाले. "दिसायला बरं नाही, पण भरवसा असतो."

ते बॅगेजवळच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघत म्हणाले, "ते रोबोचे कागद आहेत का गं? असले तर दे. विद्याश्रीकडून शब्द शब्द लावून घेतो. तेवढ्या निमित्तानं बसेल माझ्याजवळ."

कागद पर्समध्येच होते. मी त्यांच्याकडे पाठ करून ते काढले. वरची तीन पानं वेगळी केली आणि त्यांच्या हातात दिली. चौथं पर्समध्ये राहिलं. माझ्या हातांनी हे केलं आणि मी बघत राहिले.

त्यांनी चष्मा लावला. पहिलं पान उलटलं, दुसरं उलटलं. तिसऱ्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं, तिथला बारीक छापलेला नंबर वाचला, आणि पान उलटून पाहिलं. मागे कोरं होतं. पुन्हा सुलटं केलं. बोट त्या कोपऱ्यावरच होतं. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोसला असता.

"सरी," ते म्हणाले. तिन्ही पानांची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि माझी बॅग उचलून खाली रिक्षापर्यंत आणून दिली.